कुंपणच शेत खाते तेव्हा



मधुमेह हा शब्द आता खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक झाला आहे. पारावर चार म्हातारी माणसे बसली की त्यांतला एखादा तरी बिनसाखरेचा चहा मागतो. त्यामुळे आपली समजूत अशी झाली आहे की, हा रोग उतारवयाचा, बसून खाणाऱ्याचा आणि सुटलेल्या पोटाचा.

ही समजूत अर्धीच खरी आहे. मधुमेहाचा आणखी एक प्रकार आहे. तो पाच वर्षांच्या पोराला होतो, शेतात राबणाऱ्या तरण्या गड्याला होतो, काडीसारख्या बारीक मुलीलाही होतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, पण लहानपणी व तरुणपणी अधिक दिसतो. डॉक्टर त्याला 'पहिल्या प्रकारचा मधुमेह' म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना बहुधा होतो तो दुसऱ्या प्रकारचा.

या धड्यात आम्ही पहिल्या प्रकाराची माहिती सांगणार आहोत. ती थोडी अवघड आहे. पण ती कळली तर एखाद्या घरचे लेकरू वाचेल. म्हणून दमाने वाचा. एका बैठकीत झाले नाही तर दोन बैठकींत वाचा. घरात ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

पोटातली बेटे

आपल्या पोटात, जठराच्या मागे, एक आडवे इंद्रिय आहे. त्याला स्वादुपिंड म्हणतात. ते साधारण वीतभर लांब असते. त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच मुठी शेंगदाण्यांइतके.

हे स्वादुपिंड दोन कामे करते. पहिले काम अन्न पचवणारा रस तयार करण्याचे. दुसरे काम रक्तातल्या साखरेवर ताबा ठेवण्याचे. हे दुसरे काम करणारा भाग फार थोडा असतो, शंभरात एक-दोन भाग एवढाच. तो एका जागी नसतो. नदीच्या पात्रात लहान लहान बेटे असावीत तसे त्याचे पुंजके सगळीकडे विखुरलेले असतात. अशी सुमारे १० लाख बेटे एका माणसाच्या स्वादुपिंडात असतात. पाउल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ती सूक्ष्मदर्शक यंत्रातून प्रथम पाहिली. त्यावरून त्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव पडले.

प्रत्येक बेट पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे काय? भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे. फरक एवढाच की वीट निर्जीव असते, पेशी जिवंत असते. बेटातल्या काही पेशींना 'बीटा पेशी' म्हणतात. त्या इन्शुलिन नावाचा रस तयार करून रक्तात सोडतात.

इन्शुलिन कशाला लागते? आपण भाकरी खातो. तिची पोटात साखर होते. ती साखर रक्तातून अंगभर फिरते. पण रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरायची तर दार उघडावे लागते. ते दार इन्शुलिन उघडते. इन्शुलिन नसेल तर धान्याची गाडी दारात उभी आणि घरात मात्र उपास, अशी गत होते. रक्तात साखर साचते. ती लघवीवाटे वाहून जाते, आणि जाताना अंगातले पाणीही ओढून नेते. म्हणून रोग्याला सारखी लघवी होते, सारखी तहान लागते, आणि खाऊनपिऊनही तो वाळत जातो. लघवी मधासारखी गोड होते, म्हणूनच आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिले.

अंगातले राखणदार

आता बीटा पेशी नाहीशा का होतात ते पाहू. त्यासाठी आधी अंगातले राखणदार समजून घ्यावे लागतील.

पायात काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. हे कोण करते? काटा करत नाही, आपले शरीर करते. काट्याबरोबर रोगजंतू आत शिरलेले असतात. त्यांना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. त्यांना वाट मिळावी म्हणून बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, पाणी झिरपते आणि सूज येते. या साऱ्या धावपळीला 'दाह' म्हणतात. दाह ही शरीराने केलेली लढाई होय. लढाई संपली की तो उतरतो.

पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. गावात जशी कामे वाटलेली असतात, तशी त्यांच्यातही वाटणी असते.

काही पेशी जंतूंना सरळ गिळतात.

काही पेशी बातमीदार असतात. त्या जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या गाठीत जातात आणि तिथे वर्दी देतात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. ती गाठ म्हणजे या राखणदारांची चावडीच समजा.

काही पेशी मारेकरी असतात. जंतू शिरलेली पेशी ओळखून त्या तिला ठार करतात. त्यांना 'टी पेशी' म्हणतात. टी पेशींतच दुसरी एक जात मुकादमाची आहे. ती हुकूम देते आणि बाकीच्यांना कामाला लावते.

आणखी एका जातीच्या पेशी 'प्रतिपिंडे' नावाची द्रव्ये रक्तात सोडतात. ती जंतूला चिकटतात. चोराच्या पाठीवर चुन्याचा पंजा उमटवला की तो गर्दीतही ओळखू येतो, तसे हे.

इतकी मोठी फौज अंगात फिरत असते. मग ती आपल्याच अंगावर का उलटत नाही? तर तिलाही शाळा असते, बरं का! छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. टी पेशी तिथे तयार होतात. आम्ही उभा जन्म शाळेत काढला, पण इतकी कडक परीक्षा कुठल्या शाळेत पाहिली नाही. जी टी पेशी शरीराच्या स्वतःच्या पदार्थावर धावून जाते, तिला तिथेच नाहीसे केले जाते. बहुतेक पेशी या परीक्षेत गळतात. थोड्याच बाहेर पडतात.

पण कितीही कडक परीक्षा घ्या, एखादा नापास व्हायचा तो निसटून पास होतोच. तशा काही वाईट टी पेशी प्रत्येकाच्या अंगात निसटतात. त्यांना आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत काही बिघडत नाही.

घात कसा होतो

काही मुलांमध्ये हा आवर सुटतो. निसटलेल्या टी पेशी स्वादुपिंडातल्या बेटांपर्यंत पोचतात. बीटा पेशी आपल्या अंगावर इन्शुलिनचे व इतर द्रव्यांचे बारीक तुकडे दाखवत असतात. मारेकरी टी पेशीला तो तुकडा शत्रूचा वाटतो. ती बीटा पेशीला चिकटते आणि तिला मारून टाकते. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते हे असे.

मग एकामागून एक गोष्टी घडत जातात. मेलेल्या पेशीचे तुकडे बातमीदार गोळा करतात आणि गाठीत नेऊन वर्दी देतात. तिथून नवे मारेकरी निघतात. इकडे उरलेल्या बीटा पेशी घाबऱ्या होतात. त्या आपल्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त तुकडे दाखवू लागतात. अंधारात भ्यालेल्या माणसाने कंदिलाची वात मोठी करावी आणि त्या उजेडानेच दरोडेखोराला घर सापडावे, तशी ही गत. दाह वाढत जातो. गंमत पाहा, त्याच बेटात शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पेशी बहुतेक शाबूत राहतात. मरतात त्या बीटा पेशीच.

आवर का सुटतो, याचे एकच एक उत्तर नाही. काही कुळांत जन्मतःच तशी ठेवण असते. काही विषाणूंवरही संशोधकांचा संशय आहे. पण नुसत्या कुळावर सारे अवलंबून नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांत एकाला हा रोग झाला, तरी दुसऱ्याला होतोच असे नाही.

हे कळले कसे?

जिवंत माणसाच्या स्वादुपिंडात डोकावणे सोपे नाही. म्हणून ही गोष्ट कळायला फार वर्षे लागली. बेल्जम देशातल्या विली गेप्ट्स नावाच्या डॉक्टरांनी १९६५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हा मधुमेह झाल्यावर लवकरच मरण पावलेल्या २२ रोग्यांची स्वादुपिंडे त्यांनी तपासली. त्यांतल्या १५ जणांच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. म्हणजे तिथे लढाई चाललेली होती. पुढे १९७४ साली लंडनमधल्या संशोधकांना रोग्यांच्या रक्तात बेटांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आपलेच राखणदार आपल्याच बेटांवर उलटतात, ही गोष्ट त्यामुळे पक्की होत गेली.

अमेरिकेत २००७ सालापासून एक काम चालू झाले. मधुमेह असलेला माणूस वारला आणि घरच्यांनी परवानगी दिली, तर त्याचे स्वादुपिंड अभ्यासासाठी जपून ठेवायचे. दुःखाच्या घडीला त्या घरांनी दिलेल्या या दानातून पुष्कळ कळले. हा दाह सगळीकडे एकदम पसरत नाही. एक बेट पेशींनी वेढलेले, शेजारचे धडधाकट, तिसरे कधीच ओसाड झालेले, असे चित्र दिसते. फार लहान मुलांत, म्हणजे सात वर्षांच्या आत रोग झालेल्यांत, हल्ला जोराचा असतो आणि बीटा पेशी फार थोड्या उरतात. तेरा वर्षांनंतर ज्यांना रोग होतो, त्यांच्यात त्या मानाने जास्त उरतात.

न दुखणारा दाह

कुणी विचारील, "गुरुजी, पायात काटा मोडला तर ठणका लागतो. मग पोटात एवढी लढाई चालते, ती कळत कशी नाही?"

प्रश्न रास्त आहे. एक बेट बाजरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असते. एवढ्याशा जागेतला दाह दुखत नाही आणि हाताला लागत नाही. तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. पोर खेळते, जेवते, शाळेत जाते. उरलेल्या बीटा पेशी सगळे काम ओढतात. त्या फारच थोड्या झाल्या की एकाएकी साखर वाढते. आपल्याला वाटते, रोग काल झाला. खरे पाहता त्याची सुरुवात फार आधी झालेली असते.

रक्तातली प्रतिपिंडे मात्र आधीच दिसू शकतात. ज्या मुलांच्या रक्तात दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे सापडली, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ७० मुलांना दहा वर्षांच्या आत मधुमेह झाला, असे अनेक देशांतल्या पाहणीत आढळले आहे.

इन्शुलिन आले आणि मुले जगली

एके काळी हा रोग म्हणजे मरणाचा सांगावा असे. पोर काही महिन्यांत झिजून जाई. कॅनडा देशात टोरांटो शहरी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढले. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला ते टोचण्यात आले. त्याचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे ३० किलोंच्या आत उरले होते. पहिली टोचणी नीट लागू पडली नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध औषध दिले, तेव्हा साखर उतरली आणि पोराच्या अंगात त्राण आले. तो पुढे तेरा वर्षे जगला. या शोधाबद्दल बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे हक्क शोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांना मिळावे, हा त्यात हेतू होता.

इन्शुलिनने दाह थांबत नाही. मेलेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. जे शरीर करू शकत नाही ते आपण बाहेरून देतो, एवढेच. पण त्या एवढ्यावरच माणूस शिकतो, शेती करतो, संसार करतो आणि म्हातारा होतो.

मग राखणदारांनाच का आवरू नये? तसाही प्रयत्न झाला. १९८० नंतरच्या काही वर्षांत फ्रान्स, कॅनडा वगैरे देशांत सगळी फौज दाबणारे औषध देऊन पाहिले. काही रोग्यांना औषध चालू असेपर्यंत गुण आला. पण मूत्रपिंडांना इजा होऊ लागली आणि औषध थांबताच रोग परतला. शिवाय राखणदारच झोपवले तर खऱ्या चोराला रान मोकळे. आता टी पेशींनाच लगाम घालणारे टेप्लिझुमॅब नावाचे औषध निघाले आहे. अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. ज्यांना रोग होणार असे रक्तावरून दिसते, त्यांचा रोग ते सरासरी दोन वर्षे पुढे ढकलते. दोन वर्षे ऐकायला थोडी वाटतात. पण सात वर्षांचे पोर नऊ वर्षांचे होते, हे आईला विचारा. तरी ते औषध महाग आहे, आणि रोग पुरता टाळत नाही.

एक मोठा सापळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती नीट वाचा.

पोराला इन्शुलिन सुरू होते. काही आठवड्यांत तब्येत सुधारते. मग कधी कधी असे होते की, इन्शुलिन फार थोडे लागते. घरच्यांना वाटते, रोग गेला! त्याच वेळी कुणी अंगारा दिलेला असतो, कुणी मुळी उगाळून पाजलेली असते. मग लोक म्हणतात, "बघा, सुया बंद झाल्या!"

खरे काय होते? बेटांवर थोड्या बीटा पेशी जिवंत उरलेल्या असतात. कामाच्या बोज्याने त्या थकून गेलेल्या असतात. बाहेरून इन्शुलिन मिळाले की त्यांना विसावा मिळतो आणि त्या काही दिवस पुन्हा काम करतात. पण दाह चालूच असतो. काही महिन्यांत त्याही बहुतेक संपतात. अशा वेळी सुई सोडलेली असेल तर घात होतो. साखर मिळेना म्हणून शरीर चरबी जाळू लागते. त्यातून रक्तात आम्ल साचते. पोर ओकू लागते, पोटात दुखते, ते जोरजोरात खोल श्वास घेते, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, आणि ते बेशुद्ध पडते. योग्य उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत प्राण जातो.

म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे कमी करा, पण आपल्या मनाने सुई कधी बंद करू नका. देवाला नमस्कार करायचा तर जरूर करा. पण सुई टोचून मग करा.

लोक आम्हाला विचारतात

"गुरुजी, आमच्या घराण्यात कुणालाच साखर न्हाई, मग पोराला कशी?" या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात आधी कुणाला हा रोग नसतो. त्यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही.

"लई गोड खाल्लं म्हणून झालं का?" नाही. राखणदार उलटले म्हणून झाले. सुनेला बोल लावू नका.

"शेजारच्या पोराला लागंल का?" नाही. हा लागट रोग नाही. त्याच्याबरोबर जेवा, खेळा.

"गोळ्या देऊन भागंल का?" नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या इथे उपयोगी नाहीत. इन्शुलिनच हवे.

"मुलगी असली तर लग्नाचं काय?" औषध नीट घेणारी मुलगी संसार करू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिला मुलेही होतात. रोग लपवून लग्न लावू नये. लपवला की सुई लपवावी लागते, आणि सुई चुकली की जीव जातो.

आपण काय करावे

पोराला सारखी तहान लागते, सारखी लघवी होते, मोठे पोर पुन्हा अंथरुणात लघवी करू लागते, ते खाऊनही वाळते, गळून जाते, ही लक्षणे ओळखा. शिक्षकांनीही ध्यान द्यावे. मुलगा तासाला तीनदा पाणी प्यायला बाहेर जातो, तो खोडकरच असेल असे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन बोटातल्या थेंबावर साखर तपासा. ही लक्षणे आहेत आणि साखर २०० किंवा त्याहून जास्त आहे, तर उद्यावर टाकू नका. इन्शुलिनची चौकशी सरकारी दवाखान्यात करा. आशाताईंना विचारा.

इन्शुलिन उन्हात व चुलीजवळ ठेवू नये. गोठवूही नये. घरात फ्रीज नसेल तर एका मडक्यात दुसरे मडके ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, बाटली डबीत घालून आतल्या मडक्यात सावलीत ठेवा. वाळू ओली राहील हे पाहा. उघडलेली बाटली साधारण महिनाभर वापरतात. किती दिवस ते डॉक्टरांना विचारून घ्या.

सुई टोचली आणि जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते. पोर थरथरते, घामाघूम होते, भलतेच बोलते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, मग भाकरी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. अशा पोराच्या खिशात साखरेची पुडी कायम असावी.

संशोधक रोज त्या १० लाख बेटांचा अभ्यास करीत आहेत. कुंपणाला पुन्हा कुंपणासारखे कसे वागवावे, हे एक दिवस त्यांना साधेल अशी आशा आहे. तो दिवस येईपर्यंत शेत राखणे आपल्या हाती आहे. दिवसातून किती वेळा सुई, किती मात्रा, हे डॉक्टर लिहून देतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो कागद स्वतः वाचा, बाटलीवरची तारीख स्वतः वाचा, आणि पोराची साखर रोज वहीत लिहून ठेवा.